मुंबई ते दासगाव: एक जलप्रवास

युरोपातील ऐतिहासिक बंदरांची सहकुटुंब सफर आता मराठी प्रवासवर्णनात रुळली आहे. आम्हांस मात्र आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखल्या जाणाऱ्या महाडजवळचे, सावित्रीकाठचे दासगाव बंदर आठवते.

२४ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. धरमतरमार्गे गेल्यास बसमालक अडवतील, ही धास्ती होती. दुसऱ्या दिवशी दासगावला उतरून ही मंडळी पाच मैल चालत महाडला पोहोचली. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयीन मनाईमुळे चवदार तळ्यावरील सत्याग्रह मात्र तहकूब करावा लागला. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयाने मान्य केला तो १९३७ साली.

रस्ता नाकारला जाईल म्हणून पत्करलेल्या या जलप्रवासाची दखल घेतल्याविना मराठी प्रवासाचा इतिहास अपुराच राहील.