क्लेअर बी यांचे दोन संघ

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या इतिहासात क्लेअर बी (१८९६-१९८३) यांचे नाव दोन कारणांनी घेतले जाते. पहिले कारण आकड्यांचे. आधी रायडर आणि मग ब्रुकलिनमधील लाँग आयलंड विद्यापीठ, अशा दोन ठिकाणी मिळून ४१२ विजय आणि ८७ पराभव. दुसरे कारण साहित्याचे. त्यांनी किशोरांसाठी लिहिलेल्या ‘चिप हिल्टन’ मालिकेवर अमेरिकेतील मुलांची एक पिढी पोसली. या दोन्ही कामांची वर्षे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, की एक अस्वस्थ करणारी गोष्ट हाती लागते.

बी १९३१ मध्ये लाँग आयलंडला आले. त्यांच्या संघाने सलग ४३ सामने जिंकले. ही मालिका १९३६ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खंडित झाली, ती स्टॅनफर्डच्या हँक लुइसेटी या एका हाताने चेंडू फेकणाऱ्या खेळाडूमुळे. त्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकच्या निवडचाचणीत भाग न घेण्याचा निर्णय या संघाने घेतला होता. संघात ज्यू खेळाडू बरेच होते. पदकापेक्षा विवेक मोठा ठरला. पुढे १९३९ आणि १९४१ साली निमंत्रितांची राष्ट्रीय स्पर्धाही त्यांनी जिंकली.

महाविद्यालयाच्या लहानशा व्यायामशाळेतून खेळ गार्डनच्या झगमगाटात गेला आणि प्रेक्षकांमागोमाग सट्टेबाजही आले. कोण जिंकणार, एवढ्यावरच पैज लागत नसे. किती गुणांनी, हा खरा प्रश्न असे. बलाढ्य संघ दहा गुणांनी जिंकेल असा अंदाज बांधला गेला आणि तो सहाच गुणांनी जिंकला, तर दुबळ्या संघावर पैसे लावणाऱ्याची चांदी. म्हणजे खेळाडूला हरण्याचीही गरज नव्हती. हातचे थोडे राखून खेळायचे, एवढेच. विकले जाणे इतके सोपे असले, की ते विकले जाणे वाटतच नाही.

फेब्रुवारी १९५१ मध्ये लाँग आयलंडचे तीन खेळाडू पकडले गेले. त्यांपैकी शर्मन व्हाइट हा कृष्णवर्णीय तरुण तेव्हा सामन्यामागे सरासरी २७ गुणांहून अधिक गुण मिळवीत होता, आणि ‘स्पोर्टिंग न्यूज’ने वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याची निवड नुकतीच केली होती. त्याने रायकर्स बेटावरील तुरुंगात आठ महिन्यांहून अधिक काळ काढला. व्यावसायिक बास्केटबॉलच्या राष्ट्रीय संघटनेचे दार त्याला कायमचे बंद झाले. शिक्षा सुनावताना न्यायाधीश सॉल स्ट्राइट यांनी महाविद्यालयांच्या व्यापारी वृत्तीवरही कठोर ताशेरे ओढले. विद्यापीठाने संघच बंद केला. तो १९५७ पर्यंत बंद राहिला.

आता पुस्तकांकडे वळू. चिप हिल्टनची पहिली पुस्तके आली १९४८ साली. विधवा आईचा कष्टाळू मुलगा, औषधाच्या दुकानात काम करून खेळणारा, मोहाला न बळी पडणारा. १९५० च्या ‘हूप क्रेझी’मध्ये तर एका कृष्णवर्णीय मुलाला संघात स्थान मिळण्याचा प्रश्न बी यांनी हाताळला, आणि तो त्या काळाच्या मानाने धीटपणे. बी रात्री ज्या मुलाला कागदावर घडवीत होते, तो दिवसा त्यांच्यासमोर मैदानावर नव्हता. आणि जो मैदानावर होता, त्याच्या खिशात काय चालले आहे हे त्यांना दिसले नाही.

यास दांभिकता म्हणणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. १९५२ साली ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मधील लेखात बी यांनी विजयाच्या ध्यासापायी आपण शिक्षणाचा हेतू विसरलो, अशी कबुली दिली. असे स्वतःच्या नावाने लिहिणारे प्रशिक्षक त्या काळी विरळाच. तरीही हिशेब सम झाला नाही. कबुली देणारे गुरू १९५२ ते १९५४ बाल्टिमोर बुलेट्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होते, १९६८ मध्ये बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले आणि दरम्यान चिपच्या गोष्टीही येत राहिल्या. शिष्याला मात्र त्या व्यावसायिक मैदानावर एकदाही पाऊल ठेवता आले नाही.

१९९७ पासून काही वर्षे ‘हॉल ऑफ फेम’ने चिप हिल्टनच्या नावाने चारित्र्यवान महाविद्यालयीन खेळाडूला पुरस्कार दिला, पहिला मानकरी होता टिम डंकन. शर्मन व्हाइट तेव्हा हयात होता. तो २०११ साली वारला.