१०८ नंबरचा फ्लॅट

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहायचं ठरलं तेव्हा नोंदणी, कन्व्हेयन्स, पाण्याची टाकी हे विषय आधीच वाटले गेले होते. माझ्या वाट्याला इंटरकॉम आला. काही सभासद हसले. पण या पंचवीस वर्षांत माझी झोप उडवली ती इंटरकॉमनेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी १९७३ साली बँकेत लागलो. बाहेरगावच्या शाखेशी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि वाट बघत बसायचं. कुणाचा फोन कुठून न्यायचा हे एक्स्चेंजमधला माणूस ठरवायचा. हे काम यंत्राकडे कसं गेलं याची गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीला ऑल्मन स्ट्राउजर नावाचा गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करी. आपल्या गिऱ्हाइकांचे फोन ऑपरेटर दुसऱ्याच दुकानदाराकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणे. त्याने ऑपरेटरशिवाय चालणारं यंत्र काढलं आणि १८९१ मध्ये पेटंट घेतलं. आपल्याकडे मुंबईत १८८२ साली एक्स्चेंज सुरू झालं, पण ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन म्हणजे एसटीडी आलं १९६० साली, कानपूर ते लखनौ.

तेव्हापासून रस्ता दाखवायचं काम आकड्यांकडे आलं. आपला कोड ०२५१, मुंबईचा ०२२. मध्यंतरी मुंबईला फोन लावताना ९५२२ फिरवावं लागे, आठवतं का? आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो. आम्हा बँकवाल्यांना हे नवीन नाही. चेकच्या खालच्या एमआयसीआर कोडात नऊ आकडे असतात: पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. आकडा बरोबर तर चेक बरोबर जागी.

आता आपल्या इमारतीकडे येतो. सात मजले, मजल्यावर आठ, एकूण ५६ फ्लॅट. जुन्या इंटरकॉमला बाहेरची लाइन नव्हती. फ्लॅटचा नंबर दाबायचा, त्या घरी घंटा वाजायची, संपलं. एका पावसाळ्यात वीज पडून ते मशीन जळालं. २०१९ च्या सर्वसाधारण सभेत इंटरनेट पद्धतीचा इंटरकॉम मंजूर झाला. मीटररूमजवळ एक डबा बसला, त्याला ऑफिसची लँडलाइन जोडली. मी तेव्हा सेक्रेटरी. मीच सर्क्युलर काढलं: 'आता इंटरकॉमवरूनही पोलीस, अग्निशमन दल व रुग्णवाहिकेस फोन करता येईल.' खाली सही माझी.

पंधरा-वीस दिवसांनी रात्री पावणेतीनला आमचा इंटरकॉम वाजला. "अँब्युलन्स ना? लवकर या हो, यांच्या छातीत दुखतंय..." असं म्हणून बाईंनी पत्ता सांगितला. पत्ता आपल्याच इमारतीचा, सहावा मजला. मी म्हटलं, "वहिनी, मी खालून बोलतोय, एकशे आठमधून." पलीकडे एकदम शांत.

त्यांनी १०८ दाबलं होतं. माझा फ्लॅट १०८!

मी मोबाइलवरून रुग्णवाहिका बोलावली आणि वर धावलो. ते गृहस्थ वाचले, पुढे दोन वर्षं आमच्याबरोबर कट्ट्यावर बसले. पण त्याच आठवड्यात आम्ही लेकीकडे पुण्याला जाणार होतो. घर बंद असतं तर? घंटा नुसती वाजत राहिली असती, आणि सर्क्युलरवर सही माझी असती.

दुसऱ्या दिवशी टेक्निशियन मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "काका, डबा बरोबरच वागला." त्याने लॅपटॉपवर नियमांची यादी दाखवली. दाबलेले आकडे डबा यादीशी जुळवतो. १०८ नावाचं घर सापडलं की तिथेच घंटा, बाहेरच्या लाइनकडे बघायचं कारणच नाही. १०१ चंही तसंच: अग्निशमन दलाला फोन केला तर तळमजल्याच्या वरच्या पहिल्याच घरात वाजणार. मुलगा म्हणाला, बाहेरच्यासाठी आधी शून्य दाबायला सांगा. मी नको म्हटलं. रात्री तीन वाजता, हात थरथरत असताना, शून्य कुणाला आठवणार?

शेवटी असं ठरलं. प्रत्येक फ्लॅटच्या नंबरामागे २ लावायचा, म्हणजे मी झालो २१०८. वॉचमनला ९. मग १ पासून सुरू होणारं एकही घर उरत नाही. १००, १०१, १०८ आणि ११२ दाबलं की थेट बाहेर. सवयीने कुणी शून्य लावलाच, तर डब्याने तो गाळून पुढे जायचं. बाकी बाहेरचे फोन फक्त ऑफिसमधून, नाहीतर बिल कोण भरणार? लाइट गेली तरी चालावं म्हणून बॅटरी लावली.

चाचणीसाठी ते चार नंबर तात्पुरते माझ्या मोबाइलकडे वळवले, उगाच खऱ्या कंट्रोल रूमला त्रास नको. दोन रविवार आम्ही ५६ घरांत जाऊन चारही नंबर दाबून पाहिले. मग नियम पूर्ववत केले, आणि पूर्ववत झाले हे यादीत दोघांनी वाचून खात्री केली. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, तसंच.

"चांगला तीन आकडी नंबर चार आकडी कशाला केला?" अशी दोन लेखी तक्रारपत्रं तेव्हा आली. फायलीत आहेत. त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आज दिलं.

नव्या कमिटीला एकच विनंती. मशीन बदलाल, कंपनी बदलाल, जरूर बदला. पण सर्क्युलरवर सही करण्याआधी आपल्या घरातून एकदा १०८ दाबून बघा, कुठे वाजतं ते.