अशुभार्थी पात्रनामे

अशुभार्थी पात्रनामे : वाईट अर्थाची किंवा वाईट आठवण जागवणारी नावे कथा-नाटकांतील पात्रांना देण्याची पद्धत. नावाचा अर्थ आणि नावाची कीर्ती यांत बहुधा कीर्तीच वरचढ ठरते. ‘दुर्योधन’ म्हणजे ज्याच्याशी लढणे कठीण असा वीर. ‘दुःशासन’ म्हणजे आवरायला अवघड. पहिल्यातला ‘दुर्’ हा उपसर्ग ‘दुर्गा’तही आहे, पण मुलीचे नाव दुर्गा ठेवताना कोणी अडखळत नाही.

मराठी नाटकात ही पद्धत गो. ब. देवलांच्या ‘शारदा’त (१८९९) उघडपणे दिसते. कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहणारा म्हातारा भुजंगनाथ, तर पैशासाठी मुलगी द्यायला निघालेला बाप कांचनभट. पडदा वर जाण्याआधीच निकाल लागल्यासारखे हे आहे. प्रबोधनपर नाटकाला ते शोभते. राम गणेश गडकऱ्यांनी मात्र उलटी वाट धरली. त्यांचे खलपुरुष कमलाकर (‘प्रेमसंन्यास’), वृंदावन (‘पुण्यप्रभाव’) आणि घनश्याम (‘भावबंधन’) अशी देवघरात शोभणारी नावे लावतात. त्यांतही वृंदावन हे दिसायला देखण्या, चवीला कडू अशा फळाचेही नाव आहे. ‘एकच प्याला’तील सुधाकराच्या नावात अमृत आहे आणि हातात दारू. त्याच नाटकातल्या तळीरामाचे नाव तर दारुड्याला सर्रास लावले जाणारे सामान्यनामच झाले.

चित्रपटाला इतका आडपडदा परवडत नाही. ‘झपाटलेला’तील (१९९३) ‘तात्या विंचू’ लक्षात राहतो तो घरगुती ‘तात्या’ला विंचू जोडल्यामुळे, नुसत्या विंचवाची एवढी भीती वाटली नसती.

दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे मात्र वेगळ्या कुळातली. मुले जगत नसलेल्या घरात दृष्ट लागू नये, काळाने तुच्छ समजून सोडून द्यावे म्हणून ती मुद्दाम ठेवली जात. शहरी लेखकांनी ती गावंढळ विनोदी पात्रांना चिकटवली, तेव्हा नावामागची भीती हरवली. ‘टाइमपास’ने (२०१४) दगडूलाच नायक केले आणि त्याच्यासमोर प्राजक्ता उभी केली. दगड आणि फूल ही जोडी ढोबळ खरी, पण दोघांच्या घरांतले अंतर तिने एका क्षणात सांगितले.

‘नकुशी’ या नावात असे कोणतेही संरक्षण नाही. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीला ते दिले जाई. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा मुलींना नवी नावे देण्यात आली.