सीसीडी: प्रकाश वाहून नेणारी चिप

ऑक्टोबर १९६९मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी फळ्यावर सीसीडीचा, म्हणजे ‘चार्ज-कपल्ड डिव्हाइस’चा, आराखडा मांडला. त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः संगणकाची स्मृती होती. कॅमेऱ्यासाठीचे तिचे महत्त्व लवकरच लक्षात आले.

सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये साठतात. जितका उजेड जास्त, तितका साठा मोठा. खरी करामत पुढेच आहे. पिक्सेलवरील इलेक्ट्रोडांचे व्होल्टेज ठरावीक क्रमाने बदलले की हा साठा शेजारी सरकतो, विहिरीपासून हातोहात घागरी पुढे जाव्यात तसा. एकेक ओळ खाली उतरते, कडेच्या प्रवर्धकापाशी पोहोचते; तिथे विद्युतभाराचे व्होल्टेज होते आणि मग अंक. वाटेत सांडलवंड इतकी कमी, की शेकडो वेळा सरकूनही चित्र शाबूत राहते.

१९७५मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १०० × १०० पिक्सेलच्या सीसीडीवर कॅमेरा जुळवला. एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत.

१९९०च्या दशकात नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांच्या गटाने सीमॉस या वेगळ्या प्रकारच्या प्रकाशसंवेदक चिपमध्ये प्रत्येक पिक्सेललाच प्रवर्धक दिला. भाराची लांबलचक वाहतूक टळली, वीज वाचली आणि कॅमेरा मोबाइलमध्ये मावला.

बॉइल आणि स्मिथ २००९च्या भौतिकी नोबेलचे मानकरी ठरले. सीसीडीला चित्र टिपायला लावण्यात मोलाचा वाटा असलेल्या मायकेल टॉम्पसेट यांचे नाव मात्र त्यात नव्हते, ही रुखरुख उरतेच.