धारेच्या दगडाची निगा

सुरीला धार लावताना निघणारा पोलादाचा कीस दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत बसतो. दगड काळपट, गुळगुळीत होतो व धार लागेनाशी होते. बोथट सुरीला जोर अधिक लागतो. ती निसटून बोट कापण्याचा धोका वाढतो.

तेलावर वापरायचा कुरुंदाचा दगड विस्तवापासून दूर, रॉकेल व ताठ ब्रशने घासून पुसावा. पाण्याच्या दगडाला तेल लावू नये; तो धुऊन सावलीत वाळवावा.

वापराने दगड मध्यभागी खोलगट होतो. त्यावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा ओढाव्यात. सपाट, जाड काचेवर २२० क्रमांकाचा ओला वॉटर पेपर पसरून त्यावर दगड घासावा. जेथे रेघा उरतील, तेथे खळगा शिल्लक आहे असे समजावे. सर्व रेघा पुसल्या गेल्या, की दगड सपाट झाला.