ऐंशी पराभव

११ सामने, ११ पराभव. वर्षभरात मिळवलेले गुण ४८, प्रतिस्पर्ध्यांना दिलेले ६१७. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील प्रेअरी व्ह्यू ए अँड एम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा १९९१ सालचा हा हिशेब. त्यातल्या एका सामन्यात अलाबामा स्टेटने त्यांना ९२-० असे लोळवले. हे फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचे पायाने खेळायचे नव्हे. अंडाकृती चेंडू हातात धरून, समोरच्यांच्या अंगावर आदळत पुढे सरकण्याचा तो अमेरिकी खेळ आहे. त्यात ९२ गुण खाणे म्हणजे नुसते हरणे नव्हे. शेवटची शिटी होईपर्यंत अंगाने मार सोसणे असते.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर आम्ही ती लिहायला घेतली नसती. १९८९च्या ऑक्टोबर अखेरीस हा संघ एक सामना जिंकला, आणि त्यानंतर १९९८च्या सप्टेंबरपर्यंत तो एकदाही जिंकला नाही. ओळीने ८० पराभव! अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये एवढी लांब रांग दुसऱ्या कोणाची नाही. देशभरच्या वर्तमानपत्रांना आणि दूरचित्रवाणीला एक हुकमी विनोद मिळाला. प्रेअरी व्ह्यूचे नाव घ्यायचे आणि हसायचे.

हसणाऱ्यांना या संघाचा मागचा इतिहास ठाऊक होता की नाही, कोण जाणे.

प्रेअरी व्ह्यूची स्थापना १८७६ची. गुलामगिरी संपून जेमतेम अकरा वर्षे झाली होती. टेक्सासच्या विधिमंडळाने 'काळ्या तरुणांसाठी' वेगळे कृषी महाविद्यालय काढायचे ठरवले आणि त्यासाठी जागा निवडली ती ह्यूस्टनच्या वायव्येला असलेल्या अल्टा व्हिस्टा नावाच्या मळ्याची. ज्या जमिनीवर गुलाम राबले, तिथेच त्यांच्या मुलांनी शिकायचे होते. १८७८ साली पहिले विद्यार्थी आले ते फक्त आठ. गोऱ्यांसाठीचे टेक्सास ए अँड एमही १८७६चेच. पण दोन्ही भावंडांचे संगोपन सारखे झाले नाही. राज्याच्या विद्यापीठ निधीच्या जमिनीत १९२३ साली तेल लागले आणि तो निधी फुगत गेला. त्या निधीत प्रेअरी व्ह्यूला रीतसर वाटा मिळायला १९८४ची घटनादुरुस्ती यावी लागली. मतदानाचेही तेच. तुम्ही इथले रहिवासी कशावरून, असे प्रश्न विचारून इथल्या विद्यार्थ्यांची नावे मतदारयादीत घेण्यास स्थानिक अधिकारी टाळाटाळ करत. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७९ साली विद्यार्थ्यांच्या बाजूने लागले. आपल्याच गावात रहिवासाचा पुरावा मागितला जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना फोडून सांगायला नको.

अशा जागी फुटबॉल संघ ही केवळ करमणूक नसते. बिली निक्स या प्रशिक्षकाच्या हाताखाली प्रेअरी व्ह्यूने १९५३, १९५४, १९५८, १९६३ आणि १९६४ या पाच वर्षी कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. ओटिस टेलर आणि केन ह्यूस्टन हे पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेले खेळाडू इथलेच. दक्षिणेतली गोऱ्यांची विद्यापीठे काळ्या मुलांना मैदानाच्या आसपास फिरकू देत नव्हती, त्यामुळे टेक्सासमधल्या कृष्णवर्णीय मुलांतले सोने प्रेअरी व्ह्यूसारख्या मोजक्या दारांशी येत होते. निक्स यांनी ते पारखून घेतले.

मग भिंत पडली. १९६५ साली सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने जेरी लेव्हायस या काळ्या खेळाडूला शिष्यवृत्ती दिली. टेक्सास विद्यापीठाचा १९६९चा राष्ट्रविजेता संघ संपूर्ण गोरा होता, पण त्यानंतर कोणत्याही सर्व-गोऱ्या संघाला ते पद मिळाले नाही. काही वर्षांतच मोठमोठ्या विद्यापीठांचे प्रतिनिधी काळ्या वस्त्यांत खेळाडू शोधत फिरू लागले. भव्य मैदाने, दूरचित्रवाणी, भरघोस शिष्यवृत्ती. कोणता मुलगा नाही म्हणेल? आणि का म्हणावे? भिंत पडली हे योग्यच झाले. ती परत उभी राहावी असे प्रेअरी व्ह्यूमधल्या कोणालाही वाटले नसेल. परंतु बंदीच्या काळात ज्या संस्थेने या मुलांना सांभाळले, तिचे पुढे काय होणार, हा प्रश्न भिंत पाडणाऱ्यांपैकी फारसा कोणी विचारला नाही. खेळाडू गेले, प्रेक्षक गेले, पैसा तर आधीपासूनच नव्हता. १९७६ नंतर संघाला तीस वर्षे एकही विजयी हंगाम दिसला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सगळा दोष बाहेरच्यांच्या पदरात टाकून मोकळे होणे सोपे असते; ती सवय आपल्यालाही आहे. प्रेअरी व्ह्यूच्या क्रीडा विभागात आर्थिक अनागोंदी होती आणि ती घरातल्यांचीच होती. निवृत्त लेफ्टनंट जनरल ज्युलियस बेक्टन हे इथलेच माजी विद्यार्थी. विद्यापीठाचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी १९९०चा फुटबॉल हंगामच रद्द केला. घरच्याच माणसाने घराला कुलूप लावावे, असा तो निर्णय. कटू होता, पण आमच्या मते प्रामाणिक होता. १९९१ला संघ परत उभा राहिला, मात्र खेळाडूंना शिष्यवृत्ती नव्हती. समोरचे संघ शिष्यवृत्तीवर निवडून आणलेल्या खेळाडूंचे, आणि इकडे वर्गातून उठून मैदानावर आलेली पोरे. ६१७ विरुद्ध ४८ या आकड्यांचा अर्थ एवढाच आहे.

याच सुमारास, १९८३ ते १९८८ या काळात, न्यूयॉर्कच्या श्रीमंत आणि नामांकित कोलंबिया विद्यापीठाचा संघही ओळीने ४४ सामने हरला होता. त्यांचीही टिंगल झाली. पण म्हणून कोलंबियाची पदवी कमी मोलाची आहे असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. बड्यांचा संघ हरतो तेव्हा संघच हरतो. प्रेअरी व्ह्यू हरला की लोक सगळ्या विद्यापीठाकडे, आणि मग सगळ्या समाजाकडे बोट दाखवतात.

तरी पोरे खेळत राहिली, याचे आम्हाला राहून राहून नवल वाटते. १९९१ला आलेला मुलगा चार वर्षे खेळून, एकही विजय न बघता पदवी घेऊन घरी गेला. त्याच्या जागी दुसरा आला. त्यानेही पाहिला नाही. मध्यंतरात विद्यापीठाचे बँडपथक मैदानात उतरे, तेव्हा मात्र प्रेक्षक उठून दाद देत. मार्चिंग स्टॉर्म हे त्या पथकाचे नाव, आणि संघ तळाला असतानाही त्याची कीर्ती उतरली नाही. कित्येक जण तिकीट काढत ते बँडसाठीच.

२६ सप्टेंबर १९९८ रोजी ओक्लाहोमा सिटीत सामना होता. समोर लँगस्टन विद्यापीठ, तेही कृष्णवर्णीयांचेच. ग्रेग जॉन्सन प्रशिक्षक होते. प्रेअरी व्ह्यू १४, लँगस्टन १२. नऊ वर्षांची रांग तुटली ती दोन गुणांनी.

त्यानंतर संघ लगेच जिंकू लागला असे नाही. विजयी हंगाम यायला २००७ साल उजाडले. २००९च्या डिसेंबरमध्ये अलाबामा ए अँड एमला ३०-२४ असे हरवून त्यांनी आपल्या गटाचे अजिंक्यपद मिळवले. त्याआधीचे १९६४चे होते, निक्स यांच्या वेळचे. निक्स यांना तो दिवस पाहता आला नाही. १९९९ साली ते वारले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. लँगस्टनविरुद्धचा निकाल लागला तेव्हा मात्र ते हयात होते.