वसईची मोहीम : धर्मयुद्ध की सत्ताकारण?

इ. स. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध चालविलेल्या वसईच्या मोहिमेकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. कोणी तिला धर्मयुद्ध म्हणून गौरवितात. आमच्यापैकी काहींना ती ख्रिस्ती समाजावर कोसळलेली आपत्ती वाटते. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु मोहिमेचे महत्त्व तेवढ्यात सामावत नाही.

१५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे आली. वसई, साष्टी आणि ठाण्याची खाडी ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती उत्तर कोकणच्या बंदरांची नाडी. शिवाय साष्टीचा सुपीक प्रदेश मुंबई बेटाला खेटून होता. त्यामुळे इंग्रजांचाही त्यावर डोळा होता. घाटावर प्रबळ झालेल्या मराठी सत्तेला समुद्राकडची ही वाट परक्या हाती राहणे परवडणारे नव्हते.

येथे एक कटू सत्यही मान्य केले पाहिजे. पोर्तुगीज अमलात हिंदू रयतेच्या धर्माचरणावर निर्बंध होते आणि इन्क्विझिशनचा धाक होता. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी स्थानिक मंडळी पेशव्यांना येऊन मिळाली, ती काही अकारण नव्हे. जी सत्ता प्रजेच्या मनातून उतरते, तिचे बुरूज बाहेरून फुटण्यापूर्वीच आतून खचलेले असतात.

मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा अपुरा राहिलेला किल्ला पडला आणि साष्टी मराठ्यांकडे गेली. वसई मात्र झुंजत राहिली. १७३९ च्या आरंभी व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजा गोव्यावर उतरल्या. त्यामुळे गोव्याहून वसईला पुरेशी कुमक निघणे कठीण झाले. याच सुमारास नादिरशहाच्या स्वारीने दिल्ली हादरली होती. तरीही चिमाजी अप्पांनी वेढा सैल केला नाही. सुरुंगांनी तट फुटला, दोन्ही बाजूंची अपरिमित हानी झाली आणि मे १७३९ मध्ये वसई शरण आली.

दोनशे पाच वर्षांची राजवट संपली. पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांतातून पुढे दमण आणि दीव एवढेच उरले. इंग्रजांनी युद्धात पोर्तुगिजांना चर्चमधील चांदीच्या तारणावर कर्ज दिले आणि वसई पडताच जुलैमध्ये पेशव्यांशी व्यापारी तह केला! कोकणात यापुढे मराठे व इंग्रज हे दोनच तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली. पुढे १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने ज्या तहाने आपले स्वातंत्र्य इंग्रजांच्या पायी वाहिले, तो वसईतच झाला. चिमाजींच्या विजयाच्या भूमीवर त्रेसष्ट वर्षांनी हा प्रसंग यावा, हा इतिहासाचा केवढा उपहास!

आणि आमचा समाज? शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्तीजनांना धर्मपालनाची मुभा देण्यात आली होती. फिरंगी अधिकारी आणि युरोपीय मिशनरी गलबतांतून निघून गेले. परंतु शेतकरी, कोळी आणि कारागीर ख्रिस्ती आपल्या वाड्यांतच राहिले. राजाश्रय गेला, श्रद्धा गेली नाही. ती केवळ फिरंग्यांच्या तलवारीवर उभी असती, तर १७३९ सालीच संपली असती. वसईच्या पाडावाने आमच्या पूर्वजांचा धर्म परक्या सत्तेपासून वेगळा केला आणि तो याच मातीत तगून राहिला. म्हणून या मोहिमेचा इतिहास आम्ही पराभूतांच्या खंतीने वाचू नये, आणि कोणी तो विजेत्यांच्या उन्मादानेही वाचू नये.